दोन गावांमधली हवा

दिवाळीचा फराळ किती दिवस कुरकुरीत राहतो यावरून गावाची हवा ओळखणाऱ्या बायका आमच्या साताऱ्याकडे पुष्कळ आहेत. जावळी-पाटणच्या डोंगरकपारीतल्या घरात चकलीच्या डब्याचे झाकण रात्रभर उघडे राहिले, तर सकाळी चकली मऊ पडलेली असते. तीच चकली दहिवडीला किंवा जतला परातीत पसरून ठेवली तरी दोन-चार दिवस तिचा आवाज जात नाही. या मऊ पडण्याला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे: सादळणे. पापड सादळतो, काडेपेटी सादळते, तबल्याची शाई सादळते. हवेत पाण्याची वाफ असते आणि ती वस्तूच्या अंगात शिरते, हे आपल्या आजीला शाळेत न जाता ठाऊक होते. शास्त्राच्या पुस्तकात हवेच्या या गुणाला आर्द्रता म्हणतात आणि ती टक्क्यांत मोजतात, एवढाच काय तो फरक.

मी शाळामास्तर. कथा-कादंबऱ्या लिहितो, आणि माझे गणित मॅट्रिकपुरतेच आहे. या विषयाच्या वाटेला मी आपणहून गेलो नसतो. पण माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील द्राक्षबागायतदार. एके दिवशी ते शाळेत आले आणि खिशातला मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाले, "गुरुजी, ह्यात आमच्या गावची आर्द्रता दाखवत्यात, सत्त्याऐंशी टक्के. आमच्या गावात यंत्र न्हाई, शेजारच्या गावात न्हाई. मग ही मोजली कुणी?"

प्रश्न मोठा सरळ होता. उत्तर असे की, ती कुणी मोजलेली नाही. जेथे मोजली आहे अशा चार-दोन ठिकाणांवरून मधल्या गावची ताडलेली आहे. दोन ज्ञात गोष्टींच्या मधली अज्ञात गोष्ट काढण्याच्या या विद्येला गणिती लोक अंतर्वेशन म्हणतात. बागायतदाराला औषध फवारायचे की नाही हे त्या आकड्यावर ठरवायचे होते, म्हणून त्याला तो आकडा कोणाच्या पदरचा आहे हे हवे होते. त्या निमित्ताने मी या ताडण्याच्या इतिहासात शिरलो. त्यातले जे आपल्या सातारा-सांगलीला लागू पडते ते येथे सांगतो.

प्रथम आपला मुलूख डोळ्यांपुढे आणावा. साताऱ्याहून पश्चिमेला मेढ्यावरून केळघरचा घाट चढला की महाबळेश्वर. तेथे वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस. पावसाळ्यात घरातल्या भिंतींना घाम सुटतो, कपड्यांना बुरशी येते, पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटतात. आता साताऱ्याहून उलट दिशेला निघा. कोरेगाव मागे टाका, वर्धनगडाचा घाट चढून पुसेगावला या, आणि पुढे दहिवडी गाठा. येथे पाऊस वर्षाला सुमारे वीस इंच, तोही आला तर. महाबळेश्वर ते दहिवडी हे अंतर पक्ष्याच्या वाटेने शंभर किलोमीटरही भरत नाही. सकाळी निघालेला माणूस जेवणवेळेला पोचतो. पण एवढ्या वाटेत पावसाचा दहावा हिस्सा उरतो. सांगली जिल्ह्याचेही तेच. शिराळा तालुक्याच्या पश्चिम टोकाला चांदोलीचे रान आहे. तेथे पाऊस कोसळतो. पूर्व टोकाला जत आहे. तेथे ढग नुसते पाहुण्यासारखे येऊन जातात. जिल्हा एक, कलेक्टर एक, आणि हवा मात्र दोन देशांची.

हा फरक आजचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निरनिराळ्या देशांच्या पावसाची मापे द्रोणांत दिली आहेत. पाऊस मोजण्यासाठी कोठारापाशी भांडे ठेवण्याची त्यात व्यवस्था आहे, कारण पेरणी आणि सारा या दोहोंचा हिशेब त्यावर चालायचा. त्या यादीत दख्खनच्या अश्मक देशाला मोजका आकडा आहे. आणि अपरान्त, म्हणजे आपले कोकण, त्याला आकडाच नाही, 'अमित' एवढाच शब्द आहे. सह्याद्रीच्या अलीकडे मोजमाप आणि पलीकडे मोजमापाची हार. ज्या कोणी ती यादी केली त्याने घाट नीट पाहिला असला पाहिजे.

पाऊस भांड्यात मोजता येतो. हवेतली ओल दिसत नाही, म्हणून तिला मोजायला माणसाला फार उशीर लागला. जिनिव्हाच्या द सोस्यूर नावाच्या पंडिताने 1783 साली माणसाच्या केसाचे आर्द्रतामापक प्रसिद्ध केले. केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो; त्याला काटा जोडला की झाले यंत्र. हे वाचून मला मिरजेची तंतुवाद्ये करणाऱ्यांची गल्ली आठवली. तेथे पंढरपूरच्या बाजूने येणारे कडू भोपळे महिनोन् महिने वाळवून त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कोरड्या हवेच्या गावातला तंबोरा पावसाळ्यात मुंबईला नेला की त्याचा स्वभाव बदलतो, हे गाणाऱ्यांना चांगले माहीत असते. ते जवारीशी झगडत बसतात. सोस्यूरने केसाचे काम केले ते आमच्याकडे लाकूड, कातडे आणि भोपळा कधीपासून करीत आले आहेत. फक्त त्यांना काटा नाही.

पुढे दोन तापमापकांची युक्ती निघाली आणि तीच जगभर रूढ झाली. एक तापमापक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळलेले. मलमलीतले पाणी उडते तसा दुसरा थंड होतो. हवा जितकी कोरडी तितका दोघांत फरक जास्त. हे आपल्या माठाचेच शास्त्र आहे. मे महिन्यात माणदेशातल्या माठाचे पाणी दातांना कळ आणते आणि चिपळुणातल्या माठाचे पाणी तसेच कोमट राहते, याचे कारण कुंभाराच्या हातात नसून हवेत आहे. हे तापमापक ज्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत टांगतात ती पेटी टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटलंडच्या दीपगृहे बांधणाऱ्या इंजिनिअरने काढली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा हा बाप. मुलाने आपला धंदा सोडून गोष्टी लिहाव्यात याचे त्याला फारसे सुख नव्हते. असो, कादंबरीकाराला असले तपशील सोडवत नाहीत.

आता आपल्याकडे ही यंत्रे आली कशी? साहेबाच्या प्रकृतीच्या काळजीतून आली. 1828 साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने महाबळेश्वरी आजारी गोऱ्यांसाठी ठाणे वसवायचे मनावर घेतले. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन 1829 साली ती जागा कंपनीकडे आली. मोबदल्यात महाराजांना खंडाळा गाव मिळाले. जेथे आजारी माणसे पाठवायची तेथली हवा कशी आहे हे डॉक्टरांना ठाऊक हवे, म्हणून पर्जन्यमापक आणि तापमापक डोंगरावर गेले. त्याच काळात कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा गृहस्थ दख्खनभर हिंडत होता. 1824 साली मुंबई सरकारने त्याला मुलखाची सांख्यिकी माहिती जमवायला नेमले होते. पिके, माणसे, मासे, पक्षी, त्याला काही वर्ज्य नव्हते; आपल्या माळावर तुरा उभारून गाणाऱ्या एका चंडोलाला पक्षिशास्त्रात अजून त्याचेच नाव आहे. दख्खनच्या हवेचा दाब, उष्मा, ओल यांच्या नोंदींवर त्याने लिहिलेला लांबलचक निबंध 1835 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला.

या कामात आपला माणूस नव्हता असे मात्र नाही. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा कंपनीने 1826 साली स्थापली होती. तेथे 1840 च्या सुमारास एक पोरसवदा मराठी मुलगा नोकरीस लागला. मिसरूड फुटण्याच्या वयात तो वेध घेऊ लागला. हे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना. (सर्कसवाले विष्णुपंत छत्रे आमच्या अंकलखोपचे, ते वेगळे. दोघांची गल्लत पुष्कळजण करतात.) केरूनानांनी 1860 साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक मराठीत काढले. ग्रहाचे स्थान कोष्टकात ठरावीक अंतराने दिलेले असते. मधल्या वेळचे स्थान गणकाने त्यावरून काढायचे. हेच ते अंतर्वेशन.

ही विद्या आपल्याला परकी नाही. ब्रह्मगुप्ताने इसवी सन 665 च्या 'खण्डखाद्यक' ग्रंथात ज्या-कोष्टकातली मधली किंमत काढण्याची रीत दिली आहे, आणि ती नुसती सरळ वाटणीची नाही. मागच्या खंडात वाढ किती झाली आणि पुढच्या खंडात किती होणार, या दोहोंचा विचार करून तो मधली किंमत काढतो. मागच्याला गतखंड आणि पुढच्याला भोग्यखंड म्हणत. किती छान शब्द आहेत! जे होऊन गेले ते गत, जे भोगायचे आहे ते भोग्य. आमच्या वेळी लॉगॅरिथमच्या कोष्टकात उजव्या अंगाला बारीक आकड्यांचे रकाने असत; चौथ्या अंकासाठी त्यातला आकडा मिळवायचा असे आम्हांला सांगत, का मिळवायचा ते कोणी सांगत नसे. ते हेच.

पण येथे एक मेख आहे. ज्या, लॉगॅरिथम किंवा ग्रहाची गती या गुळगुळीत चालणाऱ्या गोष्टी आहेत. दोन आकड्यांच्या मध्ये त्या दगा देत नाहीत. जमीन तशी चालत नाही. मध्ये डोंगर उभा राहतो, ओढा जातो, खिंड येते.

जमिनीवर ही रीत चालवून पाहण्याचे धाडस प्रथम एडमंड हॅलीने केले, तोच धूमकेतूवाला. 1701 साली त्याने अटलांटिक समुद्राचा नकाशा काढून होकायंत्राचा काटा जेथे जेथे सारखाच कलतो ती ठिकाणे रेघांनी जोडली. समुद्रावर डोंगर नसतात, त्यामुळे त्याचे निभावले. 1817 साली हुम्बोल्टने तसेच उष्म्याचे केले. आपल्याकडे 1875 साली हिंदुस्थानचे हवामान खाते निघाले. त्याआधी 1864 साली कलकत्त्याला भयंकर वादळ झाले होते आणि मागोमाग दुष्काळ पडले होते. त्यातून सरकारला जाग आली. 1928 साली खात्याचे ठाणे सिमल्याहून पुण्यास शिवाजीनगरला आले, आणि त्या इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. मोठाल्या नकाशांवर वेधशाळांचे आकडे मांडून पेन्सिलीने सारख्या आकड्यांच्या रेघा ओढणारी माणसे तेथे पिढ्यान् पिढ्या बसली. त्यांना घाट ठाऊक असे. सह्याद्रीजवळ आली की पेन्सिल आपोआप वळत असे, रेघा एकमेकींच्या जवळ येत. यंत्राला हे सांगावे लागते. माणसाला सवयीने कळते.

यंत्राला सांगण्याच्या रीती पुष्कळ निघाल्या. त्यांतल्या तीनच सांगतो.

पहिली 1911 सालची, थीसेन नावाच्या अमेरिकनाची. प्रत्येक गाव आपल्या सर्वांत जवळच्या यंत्राच्या हाताखाली. मध्ये हद्द आखून टाकायची. हद्दीच्या अलीकडे एक आकडा, पलीकडे दुसरा. आमच्याकडच्या वाचकांना हे समजायला अवघड नाही. 1948 पूर्वीच्या आमच्या मुलखाचा नकाशा असाच होता: हे गाव सांगलीकरांचे, ते मिरजकरांचे, हे औंधचे, ते खालसा. आटपाडी औंध संस्थानात होती. मध्ये दुसऱ्यांची गावे ओलांडून तेथे जावे लागे. वाऱ्याला मात्र संस्थान माहीत नसते.

दुसरी 1968 सालची. डोनाल्ड शेपर्ड या हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने ती मांडली. जवळच्या यंत्राचे मत जड धरायचे, लांबच्याचे हलके, आणि सर्वांची सरासरी काढायची. भावकीच्या बैठकीत चुलत्याच्या शब्दाला जसे वजन आणि लांबच्या पाहुण्याच्या शब्दाला जसा नुसता मान, तसे.

तिसरी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतून आली. डॅनी क्रीग नावाच्या इंजिनिअरने 1951 साली असा प्रश्न घेतला की, चार ठिकाणी भोके पाडून सोने किती ते कळले, तर मध्ये जेथे भोक पाडले नाही तेथे किती असेल? हा तर जत तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याचा प्रश्न! शेजाऱ्याच्या बोअरला दोनशे फुटांवर पाणी लागले, पलीकडच्याची चारशे फूट कोरडी गेली, आता मी मध्ये बोअर घेऊ का? आमच्याकडे याचे उत्तर पाणाड्या देतो. क्रीगच्या रीतीत आधी हे तपासतात की, जवळची ठिकाणे खरोखरच एकमेकांसारखी असतात का, आणि किती अंतरावर हे सारखेपण संपते. पॅरिसच्या मातेरॉनने तिला गणिताचा साज चढवला आणि क्रीगचेच नाव दिले. लेनिनग्राडला गांदीन याने 1963 साली हवामानासाठी तशीच रीत स्वतंत्रपणे मांडली. या रीतीचा मोठा गुण असा की, ती अंदाजाबरोबर त्या अंदाजाची शंकाही सांगते. पाणाड्या ती सांगत नाही.

आता या सगळ्या रीती घेऊन सातारा-सांगलीत या, आणि पाहा काय होते.

समजा, महाबळेश्वरी यंत्र कधी गेलेच नाही. वाई, मेढा, सातारा येथले आकडे आहेत. त्यांची कसलीही सरासरी काढा, वजने कशीही द्या. जो आकडा येईल तो त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्याहून मोठा येणार नाही. सरासरीचा तो धर्मच आहे. दोनशे इंच पावसाचा डोंगर त्यातून कधी निघायचा नाही. तो कोणीतरी वर चढून, भांडे मांडून, ऐन आषाढात तेथे राहूनच सापडतो. चांदोलीच्या रानाला सांगलीचा आकडा लावला तर हेच होईल.

दुसरा घोटाळा टक्क्यांचा. आर्द्रता टक्क्यांत सांगतात ती 'सापेक्ष' असते. म्हणजे त्या उष्म्याच्या हवेत जेवढी वाफ मावेल तिच्या किती हिस्सा आहे ते. हवा तापली की तिच्यात अधिक वाफ मावते. म्हणून वाफ तेवढीच राहून टक्के बदलतात. वीस अंशांना दव धरेल इतकी वाफ असलेली हवा घ्या. ती तीस अंशांवर असेल तर आर्द्रता सुमारे पंचावन्न टक्के. तीच हवा, तीच वाफ, पण उष्मा सव्वीस अंश, तर आर्द्रता सत्तर टक्के. आणि पस्तीस अंशांना बेचाळीस. हजार मीटर चढले की उष्मा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतो. म्हणून पायथ्याचे टक्के आणि माथ्याचे टक्के घेऊन मधल्या टेकडीवरच्या गावाचे टक्के थेट काढू नयेत. वाफ वेगळी काढावी, गावाच्या उंचीवरून उष्मा वेगळा काढावा, मग दोहोंवरून टक्के करावेत. जाणते लोक तसे करतात. त्याला कष्ट पडतात, म्हणून सगळेच करीत नाहीत.

पाचगणी हे याचे जुने उदाहरण. महाबळेश्वराहून रस्त्याने अठरा-एकोणीस किलोमीटर, उंचीही जवळजवळ तेवढीच. पण घाटमाथ्याच्या धारेपासून ती जरा पूर्वेला सरकलेली, आणि तेवढ्यानेच पाऊस तिथे तिसऱ्या हिश्शावर येतो. ढग आपले ओझे महाबळेश्वरी उतरवूनच पुढे जातात. म्हणून साहेबालाही पावसाळ्यात महाबळेश्वर सोडून पाचगणीला उतरावे लागे. क्षयावर औषध नव्हते त्या काळी कोरडी, थंड, मोकळी हवा हेच औषध. डॉक्टर बिलिमोरियांनी 1912 साली क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढले ते पाचगणीत. जवळच्या महाबळेश्वरच्या आकड्यावरून कोणी पाचगणीची हवा ताडली असती, तर ते आरोग्यधाम तेथे झालेच नसते. स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी कित्येकांनी तेथल्या व्हरांड्यात आरामखुर्च्यांवर पडून दिवस काढले. त्यांच्यापैकी काही घरी परत गेले.

मी एकदा वर्गातल्या मुलांकडून हा खेळ करून घेतला. दोन तापमापक, एकाला ओली चिंधी, अशा तीन जोड्या केल्या. एक शाळेच्या पडवीत, एक माळावरच्या वस्तीवर, आणि एक मध्ये ओढ्याकाठी उसाच्या फडाजवळ. मुलांनी शाळेच्या आणि माळाच्या आकड्यांवरून ओढ्याचा आकडा आधी पाटीवर मांडला आणि मग धावत जाऊन पाहून आली. ओढ्याकाठची हवा दोन्ही टोकांपेक्षा दमट निघाली. "गुरुजी, मधला मोठा कसा काय?" असे एका पोरीने विचारले. ओढ्याला आणि उसाला विचार, असे मी तिला म्हटले.

हा विषय मुलांच्या खेळापुरता असता तर मी एवढे लिहिलेही नसते. दिवाळीच्या सुमारास तासगावकडे कधी जाऊन पाहा. फळछाटणी होऊन गेलेली असते, वेलीला कोवळी पालवी फुटलेली असते, काही बागांत घड दिसू लागलेले असतात. परतीचा पाऊस एखादे वेळी रेंगाळतो, पहाटे नदीवरून धुके येते, पानावर दव राहते. हीच डाऊनीची वेळ. पान काही तास ओले राहिले आणि हवा दमट असली की रोग पानामागे पांढरा दिसू लागतो, आणि दोन दिवसांत घड करपतात. ढगाळ हवेत भुरी येते. बागायतदार रात्री मोबाईलवरचा आकडा पाहून पहाटे ट्रॅक्टर काढतो. फवारणी जास्त झाली तर पैसा जातो आणि औषधाचा अंश फळात राहून परदेशी माल नाकारला जातो; कमी झाली तर बागच जाते. पुढे उन्हाळ्यात त्याच द्राक्षांचा बेदाणा करायचा तर उलटी काळजी. जाळीच्या शेडमध्ये रॅकवर पसरलेला माल कोरड्या हवेत बारा-पंधरा दिवसांत तयार होतो. मध्येच हवा दमट झाली तर तो काळा पडतो. सांगलीच्या बेदाण्याला नाव मिळाले ते निम्मे शेतकऱ्याच्या कष्टाचे आणि निम्मे पूर्वेकडच्या कोरड्या वाऱ्याचे.

हळदीचेही तसेच. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या गावी, जमिनीत पेवे खणून हळद साठवीत. तेथली माती अशी की नदी जवळ असूनही पेवात ओल शिरत नसे. वरून पेव बंद केले की हळद वर्षानुवर्षे किडीवाचून राही. हे कोणत्याही नकाशावरून काढता आले नसते. नदीकाठ म्हणजे ओल, असेच कोणताही हिशेब सांगेल. कोणातरी शहाण्या व्यापाऱ्याने प्रथम खड्डा खणून पाहिला असणार. 2005 च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि तो साठवणीचा प्रकार मोडकळीस आला.

पिढ्यान् पिढ्या सरकारने आमच्या तालुक्या-तालुक्यात पर्जन्यमापक ठेवला, कारण सारा आणि दुष्काळ पावसावर ठरे. हवेची ओल मोजणारी पेटी मात्र मोजक्या वेधशाळांतच राहिली. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्याची हवा पुष्कळ काळ लांबच्या आकड्यांवरूनच ताडली जात होती. 2017 पासून राज्य सरकारने खासगी कंपनीच्या साहाय्याने 'महावेध' योजनेत महसूल मंडळांच्या ठिकाणी आपोआप नोंद करणारी यंत्रे बसवली. राज्यभर ती दोन हजारांहून अधिक झाली. पाऊस, उष्मा, आर्द्रता, वारा हे सारे त्यात नोंदले जाते. ही गोष्ट मोठीच आहे. पण एका मंडळात दहा-वीस गावे असतात, आणि हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याची भरपाई मंडळाच्या यंत्राने काय पाहिले यावर ठरते. यंत्र बसले आहे मोकळ्या माळावर, बाग आहे ओढ्याच्या सखल भागात. बागेत झाले ते यंत्राने पाहिले नाही, तर कागदावर ते झालेलेच नसते. ही थीसेनची 1911 सालची हद्द आहे; फक्त आता तिच्या अलीकडे-पलीकडे पैसा आहे.

जमिनीपासून थोड्या उंचीवरही हवा बदलते, हे तर पुण्याच्याच एका शास्त्रज्ञाने जगाला दाखवले. डॉक्टर एल. ए. रामदास यांच्या हाताखाली 1932 साली पुण्याला शेतीच्या हवामानाचा विभाग सुरू झाला. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा मातीला लागून नसते, तर काही बोटे वर असते, असे त्यांना आढळले. त्या थराला आज रामदासांचे नाव आहे. पेटीतला तापमापक छातीच्या उंचीवर, आणि रोग धरतो तो मांडवाखालच्या पानावर. आता काही बागायतदारांनी स्वतःच्या मांडवातच छोटी यंत्रे लावली आहेत. ती पान किती तास ओले होते तेही सांगतात. ज्यांना ती परवडत नाहीत ते पहाटे उठून पानाची मागची बाजू बोटाने पाहतात. शिवाय टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचे पाणी कोरड्या तालुक्यांत चढवले आहे. जेथे माळ होता तेथे ऊस आणि डाळिंब उभे आहे. वीस वर्षांपूर्वी ज्या दोन गावांची हवा सारखी होती त्यांतल्या एकाला पाणी मिळाले आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यानेही पहाटेची ओल वेगळी होते. जुने आकडे घेऊन बसलेल्या हिशेबाला हे कळायला नवे यंत्रच लागते.

त्या द्राक्षबागायतदाराला मी शेवटी काय सांगितले? म्हटले, तुमच्या गावाभोवतीची यंत्रे कोणकोणत्या गावांत आहेत ते शोधून काढा. त्यांतले कोणते तुमच्यासारखे सखल आहे, कोणते माळावर आहे, कोणत्याजवळ नदी आहे ते पाहा, आणि त्या यंत्राच्या आकड्याला त्या मानाने धरा. त्यांनी वहीत नावे लिहून घेतली. क्रीगच्या रीतीने आमच्या दोन जिल्ह्यांचा शंकेचा नकाशा कोणी काढला, तर जेथे यंत्रे दाट तेथे तो फिकट दिसेल; आणि पाटणपासून चांदोलीपर्यंतचा घाटमाथा आणि जतची पूर्वेकडची गावे त्यात गडद दिसतील. बागायतदारांनी मला विचारले, असा नकाशा मोबाईलवर मिळतो का. मी म्हटले, नाही, तिथे नुसता आकडा मिळतो.